विलायती कुत्र्याचं औक्षण

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात जे शहाणे होते त्यांनी विहिरी बांधल्या, जमिनी घेतल्या, मुलींची लग्नं उरकली. जे माझ्यासारखे होते त्यांनी छत्र्या घेतल्या. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आहे, तिथला कापूस अडकून पडला आहे आणि म्हणून गोऱ्या व्यापाऱ्यांचे डोळे आमच्या पऱ्हाटीला लागले आहेत, एवढं मला अमरावतीच्या बाजारात कळलं होतं. त्या लढाईत माझा काडीचाही हात नव्हता. पण मी चालायचो असा, की जणू ती मीच लावून दिली होती.

छत्री मी उन्हात उघडत नसे, कापड विटेल म्हणून. आणि पावसात उघडत नसे, भिजेल म्हणून. ती नुसती बगलेत असायची. अंगात गुडघ्यापर्यंत कोट आणि पायात करकर वाजणारे जोडे. हे जोडे वाजतात म्हणूनच मी घेतले होते. एवढं सगळं जमवून मी जरा निश्चिंत होतो न होतो तोच गावातल्या एकाने आपल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. झालं, माझी झोप उडाली. आता याच्या वर काय आणावं, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

त्याचं उत्तर मला अकोल्यात सापडलं. कापूस खरेदी करणारा एक गोरा तिथे बंगला घेऊन राहत होता आणि आता मायदेशी परत निघाला होता. मी कापसाचं बोलायला गेलो होतो, पण त्याच्या ओसरीवर एक कुत्रा पसरला होता तो पाहिला आणि कापूस विसरलो. पांढरं अंग, त्यावर तपकिरी ठिपके, आणि कान असे लांब की पाणी प्यायला वाकला की ते आधी भिजायचे. साहेबाला हा कुत्रा बोटीवर नेता येत नव्हता. तो त्याच्यासाठी चांगलं घर शोधतो आहे, असं त्याच्या दुभाष्याने सांगायला तोंड उघडलं आणि ते मिटायच्या आत मी हात वर केला.

“घर कसं आहे?” दुभाष्याने विचारलं.

मी म्हटलं, “दगडी पायाचं.”

“घरात आधीची कुत्री आहेत का, असं साहेब विचारतात.”

“आहेत,” मी म्हटलं, “पण ती गावठी. त्यांचं साहेबांनी मनावर घेऊ नये.”

त्यावर साहेब हातवारे करत बराच वेळ काहीतरी बोलला. कुत्रा, मग दुसरा कुत्रा, मग लांबची भिंत, मग पुन्हा कुत्रा, असं काहीतरी तो दाखवत होता. दुभाष्याने त्या सगळ्याचं एवढंच केलं की, “हळूहळू ओळख करून द्या म्हणतात.” मी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. ओळख कशी करून द्यायची हे मला माणसांच्या बाबतीतसुद्धा धड येत नव्हतं. पण ते साहेबाला सांगायची काही गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर बैलांच्या दमणीत गादीवर कुत्रा बसला आणि मी कडेच्या दांडीवर. साहेबाने शिकवलेले दोन शब्द मी वाटभर घोकत होतो: ‘सिट’ आणि ‘कम’. मुक्कामाच्या गावात माणसं जमायची, कुणी म्हणायचं बकरी हाये, कुणी म्हणायचं नाई, वासरू हाये. मी छत्रीवर हनुवटी टेकवून सांगायचो, “विलायती कुत्रा.” मग दमणीभोवती जी शांतता पसरायची ती मला अजून आठवते. शेंब्यावाल्याच्या बैलांना अशी शांतता कधी मिळाली नसेल.

आमचं घर अमरावतीच्या बाहेर, मोर्शीच्या वाटेवर. घरात बाबा, माझी बायको आणि मी. मूलबाळ तोवर झालेलं नव्हतं, आणि माझी आई जाऊन बराच काळ लोटला होता. कुत्री दोन. एक थोरली, पिवळट रंगाची, एका कानाचा शेंडा गेलेली. आणि एक तिचाच पोरगा, तांबडा, ज्याला आम्ही धाकटा म्हणायचो. धाकट्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की तो कुणाच्याही मागे शेपूट हलवत जायचा, चोराच्यासुद्धा. थोरलीचं मात्र तसं नव्हतं. थोरली म्हणजे बाबांचे डोळे होते.

बाबांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड आणि सावली एवढं त्यांना कळायचं, बाकी नाही. पण घरात बसणं त्यांना माहीतच नव्हतं. सकाळी भाकरी खाल्ली की काठी घेऊन ते पायरीवर उभे राहायचे. थोरली येऊन त्यांच्या डाव्या पायाला अंग घासायची आणि दोघं शेताला निघायची. वाटेत दगड आला, चाकोरी आली, नाला आला, की ती त्यांच्या पायाला टेकून थांबायची. बाबा काठीने चाचपायचे, पाऊल टाकायचे, मग ती पुढे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आधी दिसत असताना बाबा तिच्याबरोबर चालायचे, दिसेनासं झाल्यावर ती बाबांबरोबर चालू लागली, इतकंच. दिवसभर ते शेतातल्या मोहाच्या झाडाखाली बसायचे, वेचणीच्या बायांशी वाद घालायचे आणि दिवस कलला की परत यायचे. “घरात बसलो का मी बुढा होतो,” असं ते म्हणायचे.

हे सगळं मला ठाऊक होतं. रोज डोळ्यांसमोर घडत होतं. पण रोजचं जे असतं ते माझ्या ध्यानात राहत नसे. माझ्या ध्यानात कापसाचा भाव असायचा.

दमणी दाराशी थांबली तेव्हा मी खाली न उतरताच बायकोला हाक मारली. “ताट आन. ओवाळाचं हाये.”

ती दारात आली. तिने दमणीत पाहिलं. “कोनाले?”

“याले.”

“हे कुत्रं हाये का जावई?”

“नवा बैल घरी आला का तू ओवाळतं का नाई?” मी म्हटलं. “पायावर पानी घालतं का नाई? मंग? हे तं साहेबाच्या घरचं जनावर हाये.”

“बैल वखर ओढते,” ती म्हणाली. “हे काय ओढन?”

हे माझी पत ओढून वर नेईल, असं मला म्हणायचं होतं, पण शेजारपाजारचे लोक गोळा झाले होते. मी फक्त ताटाकडे बोट केलं. ती मुकाट्याने आत गेली. मला वाटलं ऐकलं बिचारीने. तिला खरं तर गंमत पाहायची होती, हे तिने मला पुढे म्हातारपणी सांगितलं.

औक्षण सुरू झालं. पायांवर पाणी घातलं, ते कुत्र्याने चाटून टाकलं. कपाळावर कुंकू लावलं, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले आणि जमलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. निरांजन ओवाळलं तेव्हा तो शिंकला. इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. बाबा ओट्यावर बसून कानाने सगळं ऐकत होते. थोरली आणि धाकटा दाराच्या दोन्ही बाजूंना उभे होते. मला वाटलं, तेही कौतुकाने पाहत आहेत.

मग आला भाकरतुकडा. आता हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे की नवी नवरी उंबऱ्यात आली, नवा बैल आला, कुणी दुखण्यातून उठून घरी आलं, की भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळायचा आणि बाजूला फेकायचा, म्हणजे दृष्ट जाते. ती दृष्ट पुढे कुठे जाते याचा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या घरची ती थोरलीच्या पोटात जात होती. इतकी वर्षं ओवाळलेला प्रत्येक तुकडा तिने हवेतल्या हवेत झेलला होता. तो तिचा मान होता. आणि मी, घरात दोन कुत्री असलेला माणूस, तिसऱ्या कुत्र्यावरून भाकरी ओवाळायला लावून ती कुत्र्यांच्या मध्ये फेकायला लावत होतो. असा शहाणपणा उभ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला सुचला असेल असं मला वाटत नाही.

बायकोने रीतीप्रमाणे तुकडा न बघता फेकला. विलायती पाहुणा वाटभर माझ्या हातून दूध-पोळी खात आला होता. त्याला वाटलं हाही त्याचाच. त्याने उडी घेतली. थोरलीनेही घेतली.

पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी त्याच्या आत होतो. दोघांना सोडवायला मी छत्री घेऊन मध्ये घुसलो आणि नेमकी तेव्हाच ती छत्री जन्मात पहिल्यांदा उघडली. धाकटा छत्रीला भिऊन किंचाळत माझ्या दोन पायांतून पळाला, मी आडवा झालो, ताट उलटलं, निरांजन विझलं आणि माझ्या पोटरीत कुणाचे तरी दात शिरले. ते विलायती होते की गावठी, याचा निकाल आजवर लागलेला नाही. बायकोने लगेच मिरचीची पूड आणून जखमेत भरली. आमच्याकडे तोच उपाय. शिवी न देता बोलण्याची मी फार मेहनतीने सवय करून घेतली होती, ती त्या वेळी साफ गेली.

तरीही माझं डोकं ठिकाणावर आलं नाही. उघड्या छत्रीनेच मी थोरलीला अंगणाबाहेर हाकललं आणि त्या ठिपकेवाल्याला दोन्ही हातांनी उचलून, लंगडत, मोठ्या दाराने आत नेलं. थोरली फाटकापाशी थांबली. तिने एकदा आत पाहिलं आणि शेताच्या वाटेने चालू लागली.

ओट्यावरून बाबांनी विचारलं, “थोरली कुठी हाये?”

“येईन ते,” मी म्हटलं.

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी घेऊन पायरीवर उभे राहिले. त्यांनी तोंडाने चुचकारलं, वाट पाहिली, पुन्हा चुचकारलं. धाकटा आला. बाबा त्याच्या भरवशावर निघाले आणि धाकट्याने त्यांना थेट खाटकाच्या दाराशी नेऊन उभं केलं. तिथून कुणीतरी हाताला धरून त्यांना घरी आणून सोडलं. बाबा काठी कोपऱ्यात ठेवून खाटेवर जाऊन पडले, आणि दुपारी जेवायला उठले नाहीत.

त्यानंतर ते रोज पायरीवर येऊन उभे राहायचे आणि परत आत जायचे. पुढे पायरीवर येणंही कमी झालं. एका संध्याकाळी बायको मला म्हणाली, “मामंजी आज भिंतीकडे तोंड करून पडले होते.” तेव्हा मला भीती वाटली. आमच्या गावात मी अशी माणसं पाहिली होती. एकदा खाट धरली की ती पुन्हा उठत नाहीत.

थोरली कुठे आहे हे शोधावं लागलं नाही. वेचणीच्या बाया सांगत होत्या, ती शेतात मोहाखाली बसलेली असते, बाबांच्या जागेशेजारी. मी बैलबंडी घेऊन गेलो, तिला दोराने बांधून घरी आणलं आणि समेट घडवायला बसलो. आमच्याकडे दोन घरांतलं भांडण मिटवायचं तर एका पंगतीला बसवतात. मी मोठी परात घेतली, त्यात दूध-भाकरीचा काला केला आणि तिघांना एकाच वेळी सोडलं. परातीचा काठ चेपला तो कायमचाच. काला माझ्या कोटावर आला. थोरलीने रात्रीतून दोर कुरतडला आणि ती पुन्हा मोहाखाली. मी पुन्हा आणली, ती पुन्हा गेली. मग मी शेतात जाऊन तिला समजावूनही सांगितलं, की घर सर्वांचं आहे. वेचणीच्या बाया हातातली बोंडं तशीच धरून ऐकत होत्या.

शेवटी बायकोच बोलली. “समजा तुमी उद्या दुसरी बायको करून आनली. अन् मलेच म्हनलं का हिले ओवाळ. मंग तिले माह्याच ताटात जेवाले बसवली. तं मी काय करीन?”

“काय करशीन?”

“त्या कुत्रीनं केलं तेच. फक्त मी पोटरीवर थांबनार नाई.”

त्या दिवसापासून जेवण तिने आपल्या हातात घेतलं. विलायतीचं ताटलं मागच्या दारी, धाकट्याचं पुढच्या, आणि आधी धाकट्याला, मग त्याला. थोरलीची भाकरी शेतात जायची. माझ्याकडे कुणी काही सोपवलं नाही.

बाबांनी मात्र सोपवलं. एका सकाळी ते पायरीवर आले आणि म्हणाले, “इकडे ये. ज्यानं माहे डोळे घालवले त्यानंच मले नेलं पाह्यजे.” आणि त्यांनी माझा खांदा धरला.

मला बाजारात जायचं होतं. पण ती पकड अशी होती की नाही म्हणायची सोय नव्हती. निघालो. मोर्शीची वाट त्या दिवसांत कापसाच्या बंड्यांनी भरलेली असायची. एकामागे एक, बोऱ्यांचे डोंगर लादलेल्या, धूळ उडवत. मी बंड्यांच्या मधून वाट काढत झपाझप चाललो आणि बाबा पहिल्याच चाकोरीत ठेचकाळले.

“थांबत नाई तू,” ते म्हणाले.

“दगड हाये म्हनून सांगतलं ना मी.”

“पाय लागल्यावर सांगतलं.”

थोड्या वेळाने म्हणाले, “ते जोडे काढ. तुह्या जोड्याच्या आवाजात मले वाट आयकू येत नाई.” भर रस्त्यात, ओळखीच्या बंडीवाल्यांसमोर, मी जोडे काढून हातात घेतले. पुढे एक ओळखीचा दलाल भेटला, त्याच्याशी भावाचं बोलण्यात मी रमलो, आणि बाबा उन्हात उभे राहिले. तो गेल्यावर बाबा म्हणाले, “थोरली कोनाशी भाव बोलत नव्हती.” नाल्यात तर मी त्यांना पाण्यातच घातलं. शेतात पोहोचलो तेव्हा त्यांचं धोतर भिजलं होतं आणि अंगठ्याचं नख फुटलं होतं. जे काम एक गावठी कुत्री रोज न बोलता करायची, ते मला छत्री, कोट आणि अक्कल एवढं सगळं असून जमत नव्हतं.

थोरली मोहाखालीच होती. बाबांना पाहून ती धावत आली, त्यांच्या पायात लोळली, आणि बाबांनी खाली बसून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण दिवस कलल्यावर परत निघालो तेव्हा ती बांधापर्यंत आली आणि तिथेच बसली. घराचं नाव काढायला ती तयार नव्हती. बाबांना पुन्हा माझाच खांदा घ्यावा लागला.

त्या दिवशी घरी विलायतीने रडून गाव गोळा केला होता. मी दिसेनासा झालो की तो तोंड वर करून असा सूर काढायचा की आमच्या घरी कुणी वारलं का, म्हणून लोक विचारायला यायचे. बायकोने निक्षून सांगितलं, “यालेही घेऊन जा.” म्हणून दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर बाप आणि हातात दोराला कुत्रा, अशी माझी मिरवणूक निघायला लागली. कुत्रा ससा दिसला की उजवीकडे ओढायचा, बाप चाकोरी लागली की डावीकडे. मी मध्ये. शेंब्यावाला एकदा बंडी थांबवून हे दृश्य शांतपणे पाहून गेला.

मी सारखा ओरडायचो, “सिट! सिट!”

“काय म्हनून राह्यला तू त्याले?” बाबांनी विचारलं.

“बस म्हनून.”

“मंग बस म्हन ना.”

“त्याले आपली बोली समजत नाई, बाबा.”

बाबांनी हात पुढे करून त्याची पाठ शोधली, तिच्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, “बस रे बाप्पा.” तो बसला. त्यानंतर मी इंग्रजी सोडलं.

शेतात पहिल्यांदा थोरलीने त्याला लांबून पाहिलं आणि ती गुरगुरायला लागली. मी दोर हाताला गुंडाळून गच्च धरला. तो दोन पायांवर उभा राहून घशातून घरघर करायला लागला. बाबा मोहाखालून म्हणाले, “दोर ढिला कर. तूच भिऊन राह्यला, म्हनून तेही भिऊन राह्यलं.” मी भीत नव्हतो, असं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण माझी पोटरी तेव्हा दुखत होती. मी दोर सैल सोडला आणि त्याला घेऊन पऱ्हाटीच्या ओळींमधून चालायला लागलो. थोरलीकडे नाही, नुसतं चालायला. ती पलीकडच्या ओळीतून आमच्या बरोबरीने चालू लागली. एकमेकांकडे तोंड करून उभी केली की ती दोघं भांडायची. एकाच दिशेला चालत असली की नुसती तिरप्या नजरेने बघायची. तिथे उंबरा नव्हता, ओवाळणं नव्हतं, कुणाचा मान जाणार नव्हता. रोज आम्ही असेच चालायचो. मधल्या ओळी कमी होत गेल्या. बोंडं फुटून पांढरी झालेली पऱ्हाटी दोन्ही बाजूंना आणि मध्ये आम्ही, विनाकारण फेऱ्या मारत. बाजारात माझ्याबद्दल काय बोललं जात असेल, याची मला लाज वाटायची, आणि हळूहळू ती वाटेनाशी झाली.

या काळात आणखी एक गोष्ट घडत होती. मी चांगला चालायला शिकलो होतो. दगडाच्या एक पाऊल आधी थांबायचं, खांदा जरा खाली करायचा की उतार, जरा वर की चढ. नाल्यात आधी मी पाय टाकायचा. बाबांचा हात आधी खांद्याचं हाड धरायचा, तो आता नुसता ठेवलेला असायचा. आणि ते बोलायला लागले होते. लहानपणापासून मी या माणसाकडून ‘हं’ आणि ‘नाई’ याच्यापुढे फारसं काही ऐकलं नव्हतं. वाटेने चालताना ते सांगायचे, की इथे पूर्वी पळसाचं रान होतं; की माझी आई नवी नवरी म्हणून आली तेव्हा याच नाल्यात तिची बंडी अडकली होती आणि ती स्वतः उतरून चाकाला हात लावायला निघाली होती; की मी लहानपणी कापसाच्या ढिगात लपून झोपलो आणि घरच्यांनी मला विहिरीत शोधलं होतं. “तुही माय तीन दिवस माह्याशी बोलली नव्हती,” ते म्हणाले आणि हसले. बाबांना हसताना मी किती वर्षांनी ऐकत होतो, कोण जाणे. सकाळी मी त्यांच्या आधी पायरीवर जाऊन उभा राहू लागलो. बाजाराचं नावही माझ्या डोक्यात यायचं नाही. मला ते फार आवडत होतं. आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

एका दुपारी मोहाखाली विलायती पोटावर सपाट पडून राहिला. थोरली त्याच्याजवळ गेली. तिने त्याला नाकापासून शेपटापर्यंत हुंगलं, त्याच्या त्या लांब कानावर एकदा खटकन दात वाजवले आणि बाजूला जाऊन बसली. तो हलला नाही. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “झालं मंग.”

त्या दिवशी परत निघालो. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, विलायती मोकळाच मागून येत होता. बांधापाशी थोरली रोजच्यासारखी बसली नाही. ती उठून आमच्यामागे आली, मग पुढे आली, आणि माझ्या आणि बाबांच्या मधून अंग घालून तिने मला कडेला सारलं. बाबांच्या डाव्या पायाला ती टेकली.

खांद्यावरचा हात उचलला गेला. बाबांनी काठी पुढे टाकली, आणि ती दोघं चालू लागली, पूर्वीसारखी, न अडखळता, माझ्यापेक्षा कितीतरी बरी. मला आनंद व्हायला हवा होता. याचसाठी तर एवढी धडपड चालली होती. पण मला त्या कुत्रीचा मत्सर वाटला. खांदा उगाच हलका झाला होता. मी तिथेच उभा राहिलो. शेजारी विलायतीही उभा राहिला, ते लांब कान लोंबवत, पुढे जावं की नको हे न कळून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या औक्षणाच्या दिवसानंतर दोराशिवाय मी त्याला कधी हात लावला नव्हता.

नाल्याच्या अलीकडे थोरली थांबली. बाबाही थांबले आणि मान न वळवता म्हणाले, “मागं कोन राह्यलं?”

“आमी दोघं, बाबा.”

“मंग लवकर पाय उचला,” ते म्हणाले. “थांबलो हावो आमी.”